आधी पॉलिसी, मग राजीनामा?

या संवादातली माणसं कल्पित आहेत, पण त्यांच्या तोंडी येणारे नियम आणि योजना खऱ्या आहेत. भाची 39 वर्षांची, नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एका औषध कंपनीत केमिस्ट. स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशनला पाच वर्षं झाली. तपासण्या स्वच्छ येतात, टॅमॉक्सिफेनची गोळी मात्र अजून रोज चालू आहे. दिंडोरीकडच्या एका छोट्या शेतकरी उत्पादक कंपनीने तिला बोलावलं आहे. मामा एका सरकारी विमा कंपनीच्या अंडररायटिंग विभागातून निवृत्त झालेले. कोणाला पॉलिसी द्यायची, कोणत्या अटीवर द्यायची आणि कोणाला नाही म्हणायचं, हे ठरवण्यात त्यांची नोकरी गेली.

मामा: दिलास का राजीनामा?

भाची: अजून नाही. दोन महिन्यांची नोटीस आहे, एक तारखेला देईन म्हणते.

मामा: देऊ नकोस. पगार कमी होतोय म्हणून सांगत नाही, ते तुमचं तुम्ही बघाल. मी विम्याचं बोलतोय. तुझ्या कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत तुला कोणी विचारलं का कधी, की बाई तुला काय झालंय? रुजू झालीस त्या दिवशी तू आत, जावई आत, मुलगी आत. आधीचे आजारसुद्धा पहिल्या दिवसापासून कव्हर. ऑपरेशन, केमो, रेडिएशन, सगळे क्लेम तिथूनच पास झाले. हे आज बाजारात मागायला गेलीस तर कोण देणार आहे तुला?

भाची: म्हणजे अजून एकोणीस-वीस वर्षं तिथेच बसायचं? रात्रपाळी करत?

मामा: माणसं नोकरीत बसतातच ना!

भाची: बसतात, पण पगारासाठी किंवा आवडीसाठी. आजाराने बांधून ठेवलं म्हणून बसायचं हे वेगळं. मला तिकडे द्राक्षाची क्वालिटी बघायची आहे. युरोपात जाणाऱ्या मालात कीटकनाशकाचा अंश किती राहिला, फवारणीच्या नोंदी बरोबर आहेत का, नमुने कुठल्या प्लॉटमधून घ्यायचे, हे सगळं एका हाताखाली आणायचंय त्यांना. माझं शिक्षण त्याचंच आहे. आजारपणात पडल्या पडल्या मी एवढंच ठरवलं होतं, की बरी झाले तर रात्रपाळी नाही.

मामा: त्यांच्याकडे विम्याचं काय?

भाची: मला धरून चौदा माणसं आहेत. ग्रुप पॉलिसी काढू म्हणतात, अजून काढलेली नाही.

मामा: हे बघ, इथेच गाडं अडतं. हजार माणसांच्या ग्रुपमध्ये एक कॅन्सरचा क्लेम आला तर तो पचतो. चौदा माणसांच्या ग्रुपमध्ये तोच क्लेम आला की पुढच्या वर्षीच्या हप्त्याचं कोटेशन बघून तुझे संचालक कपाळाला हात लावतील. वर अशा लहान ग्रुपला विमा कंपनी आधीच्या आजारांसाठी वेटिंग पिरियड लावू शकते, कधी प्रत्येकाकडून तब्येतीचा फॉर्मही भरून घेते. म्हणजे त्या चौदांत कोण महागात पडतंय हे सगळ्यांना कळणार.

भाची: आणि आताची कंपनी काय मला लिहून देणार आहे? गेल्या वर्षी त्यांनी आईबाबांचं कव्हर काढलं. एक मेल आला, संपलं. ग्रुप पॉलिसी दरवर्षी नव्याने होते. विमा कंपनी बदलते, खोलीच्या भाड्याची मर्यादा बदलते, को-पे येतो. उद्या कंपनी कोणी विकत घेतली, युनिट गुजरातला नेलं, मला काढून टाकलं, तर माझ्या हातात काय राहतं?

मामा: काही नाही. शेवटच्या कामाच्या दिवशी कव्हर संपतं. ग्रुप विमा म्हणजे कंपनीचं क्वार्टर. राहता तोवर छान, नोकरी सुटली की किल्ली द्यायची.

भाची: मग तूच सांग, ते धरून बसण्यात कसली सुरक्षितता आहे?

मामा: नाही, एवढं खरं आहे. खरं म्हणजे तू नोकरी सोडणार नसतीस तरी तुझ्या नावावर वेगळी पॉलिसी पाहिजेच होती. आजारी पडायच्या आधी घेतली असतीस तर आज हा विषयच नव्हता. पण ते सोड. आता जो रस्ता आहे तो नोकरीत असतानाच चालायचा रस्ता आहे, म्हणून मी म्हणतोय की थांब.

भाची: कुठला?

मामा: मायग्रेशन. ग्रुप पॉलिसीतल्या माणसाला त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक किंवा फॅमिली पॉलिसीत जायचा पर्याय नियामकाने ठेवलेला आहे. नव्या पॉलिसीत गेल्यावर ग्रुपमध्ये काढलेली वर्षं धरतात. आधीच्या आजारासाठी आता जास्तीत जास्त 36 महिने वेटिंग पिरियड लावता येतो, 2024 च्या नियमांआधी तो 48 महिन्यांपर्यंत होता. तू ग्रुपमध्ये सलग सात वर्षं आहेस, त्यामुळे ती मुदत तुझी भरलेली आहे.

भाची: एवढं सोपं असेल तर भांडतोयस कशाला?

मामा: सोपं नाहीये. दोन गोष्टी आहेत. एक म्हणजे, ही सवलत जेवढं कव्हर आधी होतं तेवढ्याच रकमेपुरती. तुझं ग्रुप कव्हर पाच लाखांचं. तू दहा लाखांची पॉलिसी मागितलीस तर वरच्या पाच लाखांना वेटिंग पिरियड नव्याने सुरू. आणि दुसरं, ग्रुपमधून वैयक्तिकमध्ये जाताना विमा कंपनी तुझी फाइल तपासते. अंडररायटिंग होतं. जास्त हप्ता लावून घेतील, किंवा नाहीही म्हणतील.

भाची: म्हणजे तुझ्यासारखा कोणीतरी टेबलामागे बसून ठरवणार.

मामा: माझ्यासारखाच. आणि मी असे अर्ज परत पाठवलेले आहेत, त्याची मला लाज वाटत नाही. विमा हा सगळ्यांच्या हप्त्यातून उभा राहिलेला पैसा असतो. घराला आग लागल्यावर विमा काढायला आलेल्या माणसाला घ्यायचं ठरवलं, तर बाकीचे लोक हप्ता भरतील कशाला? तेही म्हणतील, आग लागली की येऊ.

भाची: माझ्या घराला आग लागून विझलीय, मामा. मी विझल्यावर आले. आणि तुझा तो हिशेब ग्रुप पॉलिसीत कुठे जातो रे? तिथे कोणाला काही विचारत नाही, तरी विमा कंपन्या आनंदाने ग्रुप घेतात. का? कारण तिथे धडधाकट पंचवीस वर्षांचा पोरगाही आत असतो आणि मीही असते. सगळे आत असले की कोणाला बाहेर ठेवावं लागत नाही. मग हे फक्त नोकरीच्या खुर्चीवर बसलेल्यालाच का? खुर्चीवरून उठलं की तेच शरीर, तोच रिपोर्ट, एकदम धोक्याचं कसं होतं?

मामा: कारण ग्रुपमध्ये तू नोकरीसाठी येतेस, विम्यासाठी येत नाहीस. बाहेर जो माणूस स्वतःहून पॉलिसी मागायला येतो, त्याला बहुतेक वेळा काहीतरी शंका आलेली असते. मी हजारो फॉर्म बघितलेत.

भाची: हे निदान प्रामाणिक उत्तर आहे. पण याच्यावर उपाय काढलेत लोकांनी. न्यू जर्सीत दादाची नोकरी गेली तेव्हा त्याने कंपनीचाच विमा चालू ठेवला होता ना?

मामा: हो, कोब्रा म्हणतात त्याला. वीस किंवा जास्त माणसं असलेल्या कंपनीतून नोकरी गेली की साधारण 18 महिने तोच ग्रुप विमा चालू ठेवता येतो. पण कंपनीचा वाटासुद्धा आपणच भरायचा, वर थोडा प्रशासनाचा खर्च. हप्ता ऐकून सूनबाई रडली होती.

भाची: रडली, पण कव्हर तुटलं नाही. आणि तिकडे 2014 पासून आधीच्या आजारावरून पॉलिसी नाकारताच येत नाही, जास्त हप्ताही लावता येत नाही. फ्रान्समध्ये तर कर्ज घेताना जो विमा लागतो, त्याच्यासाठी कॅन्सर विसरला जाण्याचा हक्क आहे. 2016 मध्ये उपचार संपल्यावर दहा वर्षांनी मिळायचा, 2022 मध्ये तो पाच वर्षांवर आणला. मध्ये आजार उलटला नसेल तर फॉर्मवर सांगायचीच गरज नाही.

मामा: तो कर्जाच्या विम्यापुरता आहे. उपचाराच्या विम्याचं तिकडे सरकार बघतं, म्हणून तो प्रश्नच वेगळा. आपल्याकडे तसा हक्क नाही. इकडचं तिकडे लावू नकोस.

भाची: मग इकडचंच बघ. 2017 च्या एचआयव्ही कायद्यात नोकरीत आणि विम्यात भेदभाव करायचा नाही असं आहे.

मामा: आणि आकडेशास्त्राचा आधार असेल तर विम्यात फरक करता येतो, असंही त्याच कायद्यात आहे.

भाची: चालेल! आधार दाखवावा तरी लागतो. मानसिक आरोग्य कायदाही 2017 चाच, त्यात मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखाच विमा द्या म्हटलंय. अपंगांच्या 2016 च्या कायद्यात 21 प्रकार आहेत, त्यात कॅन्सर नाही. म्हणजे कॅन्सर होऊन गेलेल्या माणसाच्या बाजूने असा वेगळा कायदाच नाही. आजार गेला म्हणून रुग्णांत मोजत नाही, आणि आजार होता म्हणून निरोग्यांत मोजत नाही.

मामा: कायदा नाही, पण नियामक अगदी गप्प नाही बसलेला. 2024 मध्ये आयआरडीएआयने वयाची अट काढली, आणि आधीचे आजार असलेल्यांसाठीही पॉलिसी ठेवा असं कंपन्यांना सांगितलं. त्याच्याही आधी, 2019 मध्ये, काही आजारांची यादी केली. कॅन्सर त्या यादीत आहे. त्यातला एखादा आजार आधीच असेल तर ग्राहकाच्या संमतीने तेवढा आजार कायमचा वगळून बाकी सगळ्याचं कव्हर देता येतं.

भाची: कॅन्सर सोडून बाकी सगळं! म्हणजे ज्याची भीती, तेच नाही.

मामा: तू चिडतेस, पण त्या पॉलिसीला नाक मुरडू नकोस. कॅन्सर होऊन गेलेल्या बाईला डेंगू होत नाही का? अपेंडिक्स, अपघात, पित्ताशयाचा खडा, उद्या गुडघा? हॉस्पिटलचं बिल काही फक्त एकाच आजाराचं येत नाही. पूर्वी असा अर्ज आला की सरसकट नाकारायचे. त्यापेक्षा हे बरं. मात्र सही करण्याआधी कलम नीट वाच. कॅन्सर एवढंच लिहिलंय, की त्यातून उद्भवणारं सगळं लिहिलंय, यात जमीनअस्मानाचा फरक आहे.

भाची: एक विचारू? माझी केमो संपून चार वर्षं होऊन गेली. नव्या नियमात आधीचा आजार म्हणजे पॉलिसीच्या मागच्या 36 महिन्यांत निदान झालेला किंवा उपचार घेतलेला आजार. मग मी त्याच्या बाहेर नाही का पडले?

मामा: नाही. रोजची गोळी हा उपचारच आहे. सहा महिन्यांनी डॉक्टरांना दाखवतेस, तो वैद्यकीय सल्ला आहे. गोळी बंद झाली, तपासण्यांचा सल्ला थांबला आणि त्यानंतर तीन वर्षं गेली, तर व्याख्येच्या बाहेर पडल्याचा मुद्दा मांडता येईल. पण तेव्हाही फॉर्मवर 'कधी कॅन्सर झाला होता का' असा प्रश्न असेल तर खरंच लिहायचं. आजाराची व्याख्या एक आणि फॉर्मवरचा प्रश्न दुसरा.

भाची: एक एजंट म्हणाला, ऑपरेशनचं लिहू नका, पाच वर्षांनी कोणी बघत नाही.

मामा: त्याला दारातूनच परत पाठव. तो मोरॅटोरियमचं अर्धवट सांगतोय. सलग 60 महिने पॉलिसी चालली की माहिती लपवली या कारणाने क्लेम अडवता येत नाही, एवढं बरोबर आहे. पूर्वी ती मुदत आठ वर्षांची होती. पण फसवणूक सिद्ध झाली तर ती ढाल उरत नाही. आणि पहिल्या साठ महिन्यांत काही झालं तर? हॉस्पिटलचे जुने कागद मागवतात, छातीवरचा व्रण डॉक्टरच्या नोंदीत येतोच. क्लेम जातो, पॉलिसीही जाते. खरं लिहून क्लेम नाकारला तर विमा लोकपालाकडे जाता येतं, पुण्यात आणि मुंबईत कार्यालयं आहेत, 50 लाखांपर्यंतचे दावे बघतात. खोटं लिहून कुठल्या तोंडाने जाशील?

भाची: लिहिणारच नव्हते खोटं. पण नव्या कंपनीला सांगू का?

मामा: त्यांना कशाला? विमा कंपनीला सगळं सांगायचं, कारण तो करारच त्या माहितीवर उभा आहे. मालकाला काम जमतं का, एवढंच कळलं तरी पुरे.

भाची: मला नाही पटत. तपासणीला मला परळला जावं लागतं, दिवस मोडतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये द्राक्षाचा हंगाम ऐन भरात असताना मी रजा मागितली आणि खरं कारण सांगितलं नाही, तर मीच चोरासारखी वागायला लागेन. शिवाय ग्रुप पॉलिसी काढायचीच आहे त्यांना, तर पहिल्या दिवसापासून आधीचे आजार कव्हर करणारी काढा, हे मी उघडपणे सांगितलेलं बरं. त्याचा फायदा बाकी तेरा जणांनाही आहे. कोणाला साखर असेल, कोणाला बीपी.

मामा: आणि ते घाबरून म्हणाले की राहू दे?

भाची: तर ते आधीच कळलेलं बरं. तिथे जाऊन वर्षभराने कळण्यापेक्षा.

मामा: तू तुझ्या आईसारखी आहेस. बरं, समजा मायग्रेशन नाकारलं आणि छोट्या कंपनीची पॉलिसीही झाली नाही. मग?

भाची: मग महात्मा फुले योजना आहे.

मामा: ती गरिबांसाठी.

भाची: होती. 1 जुलै 2024 पासून पिवळं, केशरी, पांढरं, कुठलंही रेशनकार्ड चालतं. कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत, आयुष्मान भारतशी जोडलेली. कॅन्सरचं ऑपरेशन, केमो, रेडिएशन यादीत आहे. आपल्या घरातले सगळे पांढरं कार्ड कपाटात ठेवून हे आपल्यासाठी नाही म्हणत बसलेत.

मामा: यादीतलंच हॉस्पिटल, ठरलेलंच पॅकेज. नव्या महागड्या औषधांना ते पुरेल का? आजार उलटला तर हल्ली इम्युनोथेरपी, टार्गेटेड औषधं देतात. त्याचे आकडे ऐकलेस?

भाची: तुझ्या पाच लाखांच्या ग्रुप कव्हरलाही ते पुरणार नाहीत. परळच्या टाटा हॉस्पिटलच्या रांगेत मी उभी राहिलेय, मामा. तिथे साताऱ्याचा शेतकरी होता, झारखंडहून आलेली बाई होती, ठाण्याचा बँक मॅनेजर होता. सगळे त्याच टेबलाशी. योजनेला कमी लेखण्याची हौस मला आता परवडत नाही. पण मीही असं म्हणत नाही की ती पुरेशी आहे. ती पायाखालची जमीन आहे, छप्पर नाही.

मामा: ठीक. मग निदान क्रम माझा ऐक. जावयाचं प्रिंटिंग प्रेस, म्हणजे त्याच्या बाजूने काही विमा नाही. आज दोघं बापलेक तुझ्या कंपनीच्या पॉलिसीवर आहेत. त्या दोघांची पॉलिसी वेगळी, आत्ताच काढ. दोघं धडधाकट आहेत, लगेच मिळेल. तिघांची एकत्र फ्लोटर मागितलीस तर तुझ्या फाइलपायी त्यांचंही अडेल. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य पॉलिसीवरचा 18 टक्के जीएसटीही गेलाय, तेवढा हप्ता हलका झाला.

भाची: हे मान्य. आणि माझं?

मामा: तुझा मायग्रेशनचा अर्ज नोकरीत असताना. एचआरकडून ग्रुपमध्ये किती वर्षं, किती कव्हर, याचा लेखी दाखला घे. हिस्टोपॅथॉलॉजीचा रिपोर्ट, डिस्चार्ज समरी, शेवटची मॅमोग्राफी, ऑन्कॉलॉजिस्टचं आजार नियंत्रणात असल्याचं पत्र, सगळं जोडायचं. आधी पाच लाखच माग, जेवढ्याला वर्षं धरतात तेवढंच. मोठं कव्हर नंतर बघू. उत्तर येईपर्यंत राजीनामा नाही.

भाची: एक तारीख हुकेल.

मामा: हुकू दे. द्राक्षाची छाटणी ऑक्टोबरात, माल निघायला जानेवारी उजाडते. तुला महिनाभर उशीर झाला म्हणून युरोपातले लोक उपाशी राहत नाहीत.

भाची: महिना थांबते. पण एक लक्षात ठेव, मी उत्तरासाठी थांबतेय, परवानगीसाठी नाही. नाही म्हणाले तर कॅन्सर वगळून पॉलिसी घेईन, योजनेचं कार्ड काढून ठेवीन, दोन्ही पगारांतला फरक भरून निघेल एवढं काटकसरीने बाजूला टाकीन आणि तरी जाईन.

मामा: आणि आजार परत आला तर?

भाची: तो अंबडमध्येही येऊ शकतो. फरक फक्त बिलाचा आहे, आणि तो मोठा आहे, हे मला कळतं. पण त्या बिलाच्या भीतीपायी पुढची वीस वर्षं रात्रपाळीला द्यायची, याचा हिशेब तुमच्या कुठल्या तक्त्यात बसतो?

मामा: कुठल्याच नाही. तरी नाकारलं तर तू राहावंस असं मी म्हणणार. नकाराचं कारण लेखी घ्यायचं, ते द्यावं लागतं त्यांना. कारण चुकीचं असेल तर आपण कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे आणि पुढे नियामकाकडे जाऊ. तेवढा वेळ मला दे.

भाची: आणि होकार आला तर?

मामा: पहिला हप्ता भर, पॉलिसीचा कागद हातात घे, सुरू होण्याची तारीख तपास, आणि मग राजीनामा दे. मध्ये एका दिवसाचाही खंड पडता कामा नये.

भाची: आणि नकार आला तर मी काय करणार, ते तुला माहीत आहे.

मामा: माहीत आहे. म्हणून फॉर्मची ओळ न ओळ मी स्वतः तपासणार. आण तो इकडे.